भडगावची माती

रोपं उपटून पाच दिवस झाले होते. बांधाशी रचलेला त्यांचा ढीग जाळूनही झाला होता, तेव्हा पितांबर आबा भडगावहून आले.

पेरणीआधी तानुबाईच्या नवऱ्याने, वनाने, आबांच्याच शेतातली गाडीभर माती धरणगावला आणली होती, ऊन लागू नये म्हणून ओल्या पोत्यांखाली झाकून. धरणगावातली माती संपली का, असं तानुबाईने त्याला विचारलं होतं. या मातीत जीव आहे, एवढंच तो हसून म्हणाला होता. कपाशीने थकलेल्या रानात त्याने ती पसरली, भुईमूग पेरला. यंदा शेंगा, पुढच्या साली त्याच रानात पोटापुरती ज्वारी, असा त्याचा हिशोब होता.

श्रावणात गावात प्लेगाचे उंदीर पडले. लोक माळावर झोपड्या बांधून राहिले. तिथेच वनाच्या काखेत गाठ आली आणि चौथ्या दिवशी तो गेला.

महिन्याने तानुबाई निंदायला उतरली. गवताबरोबर भुईमुगाचं एक रोप हाती आलं. मुळांना बारीक बारीक गाठी होत्या. एक नखाने फोडली, तर आत लाल. दुसरं रोप उपटलं, तिसरं उपटलं, सगळ्यांना तेच. भडगावलाही साथ होती. मातीतून जीव आला तो हाच, रोगाचा, असं तिला वाटलं. पोरं त्या शेंगा खातील या धास्तीने तिने दोन दिवसांत सगळं रान मोकळं केलं.

आबा रिकाम्या रानाकडे बघत राहिले. तिने खाली बघून सांगितलं,

"मुळास्ले गाठी व्हत्यात, आबा. त्यास्ना काखमा व्हती तशी."

बाभळीच्या काट्यांत एक रोप चुकून राहिलं होतं. आबांनी ते हलक्या हाताने उकरलं, एक गाठ फोडून तिच्यापुढे धरली.

"ही रोगनी नही, बाई. हाईच पिकले पोसस, जमीनले बी. लाल शे म्हणजे जित्ती शे."

तिने विचारलं, "त्यास्ले माहीत व्हतं?"

"व्हतं. निंदणीले तुले मुळं दखाडसू म्हने."

मातीत जीव अजून आहे, पुढच्या साली भुईमूग पुन्हा इथेच पेर, असंही आबा म्हणाले. तिने मान डोलावली. मग ते उकरलेलं रोप होतं तिथेच लावलं आणि आळं करून मुळांवर माती दाबत बसली.