माझ्या घशातला पायमोजा

मित्रांनो, मी एक जुने डिझेल इंजिन आहे आणि सध्या नखशिखान्त चिखलाने माखलेलो आहे. पण माझी कीव करू नका. चिखलात गाडी ओढणे हेच माझे काम आहे आणि मला ते मनापासून आवडते.

पूर्वी मी दुधाच्या ट्रकमध्ये होतो. पहाटे उठायचे, घाट चढायचा, दूध नासायच्या आत पोचवायचे. पुढे ट्रक मोडीत निघाला आणि मी एका गॅरेजच्या मागच्या भिंतीला टेकून गंजत पडलो. एक कोंबडी माझ्यावर येऊन बसायची, तेवढीच काय ती सोबत. खोटे कशाला बोलू, त्या दिवसांत मला फार वाईट वाटायचे.

गॅरेज बहीणभावाचे होते. भाऊ चिखलाच्या शर्यतीत ट्रक चालवायचा. त्याला प्रत्येक गोष्टीची इतकी घाई, की सगळे त्याला तुफानच म्हणत. बहीण मेकॅनिक. तिला सगळे ताई म्हणत. तिने आजवर पुष्कळ इंजिने दुरुस्त केली होती, पण मुळापासून एकही बांधले नव्हते. यंदा शर्यतीच्या ट्रकसाठी तिने मला निवडले. तुफानने नाक मुरडले. त्याला व्यापाऱ्याकडचे नवे, दांडगे इंजिन हवे होते. शेवटी असे ठरले, की चाचणीचा चढ मी चढलो तर शर्यतीत जायचे, नाहीतर व्यापारी नवे इंजिन देणार आणि मला भंगारात नेणार.

"ताकद देईन," ताई भावाला म्हणाली, "पण गाडी परत घरी आणेल अशी."

मग तिने मला खोलून माझे सगळे भाग सुटे केले. नवे चार पिस्टन आणले आणि ते चक्क स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलले. जो जड भरला त्याला आतून जरासे घासले, चारही सारखे होईपर्यंत. त्या दिवशी घरात पीठ अंदाजाने घेतले गेले, आणि त्यावरून आईने तिला चांगलेच धारेवर धरले. ताईची आणखी एक सवय होती. माझे जे तोंड उघडे असेल त्यात ती लाल चिंधी कोंबायची, म्हणजे धूळ आत जात नाही. जोडणी झाली की चिंध्या काढून, मोजून खिळ्याला टांगायची. सात कोंबल्या होत्या, सात निघाल्या.

चाचणीच्या दिवशी मी झोकात सुरू झालो. चढ लागला मात्र आणि मला धाप लागली. काळा धूर ओकत मी अर्ध्या चढावर बंद पडलो. व्यापारी मला उचलून न्यायला साखळी घेऊनच आला होता. तो म्हणाला, याच्यात आता काही राम नाही. तुफानने मान खाली घातली. माझ्या घशात काहीतरी अडकले होते, पण सांगणार कसे?

ताईचे डोळे भरून आले, पण तिने साखळी लावू दिली नाही. डिझेलचा पंप पाहिला, व्हॉल्व्ह पाहिले, सगळे बरोबर होते. मग तिने मला सुरू करून, हवा आत घेणाऱ्या उंच नळीच्या तोंडावर तळहात धरला. हात जोरात ओढला जायला हवा होता. तो जेमतेम ओढला गेला. तिने नळी खोलली. आतून राखाडी लोकरीचा एक पायमोजा निघाला.

तुफानचे कान लाल झाले. नळी बसवण्याआधी ती उघडी दिसली, आत गांधीलमाशीने घर करू नये म्हणून त्या बिचाऱ्याने पायमोजा कोंबून मदत केली होती आणि नेहमीप्रमाणे तो पुढच्या कामाला पळाला होता.

"माझाच आहे," तो म्हणाला.

"मदत केलीस हे चांगलंच झालं," ताई म्हणाली, "पण मला सांगायचं होतंस."

त्यानंतर मी तो चढ एका दमात चढलो. व्यापारी साखळी गुंडाळून, चहा पिऊन गेला.

शर्यतीत बॉनेटपर्यंत चिखल होता. काही ट्रक आमच्या पुढे गर्जत गेले आणि मध्येच रुतून बसले. मी एका लयीत चालत राहिलो. आम्ही दुसरे आलो. पहिला आलेला ट्रक शेवटची रेघ ओलांडताच वाफा सोडत थंडावला, आणि त्याला घरापर्यंत ओढत नेले ते आम्हीच. माझा ऊर भरून आला.

गॅरेजच्या दारात तुफानने चावीला हात घातला. मग थांबला.

"ताई, बंद करू का?"

"दोन मिनिटं चालू राहू दे. तापलंय ते, हळूहळू निवू दे."

आयुष्यात पहिल्यांदा तुफान दोन मिनिटे एका जागी बसला. मित्रांनो, तुमच्याकडेही माझ्यासारखे कोणी राबून घरी येत असेल. त्याच्याजवळ तेवढा वेळ नक्की बसा.