देवराईच्या दगडापाशी ठेवलेली वहाण

मित्रांनो, मी टायरची वहाण आहे, जुनी आणि रागावलेली. वस्तूंनी रागावू नये असे तुम्हाला कोणी सांगितले असेल. पण माझी गोष्ट ऐका, मग ठरवा.

सुर्ल्याच्या खाणीतून नदीच्या धक्क्यावर खनिज नेणाऱ्या ट्रकचे मी चाक होते. ट्रक शंभू चालवायचा. मी झिजून निकामी झाले, तेव्हा त्याने मला म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात नेले. तिथल्या मोच्याने मला कापले, पट्टे ठोकले आणि जोडी तयार केली. ती जोडी शंभूने आपल्या बायकोपुढे, प्रभावतीपुढे ठेवली. ती मला म्हणाली, इतकी वर्षे डोंगर वाहून नेलास, आता तो वाचवायला चल.

गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला त्याच्या पुढच्या थंडीतली ही गोष्ट. गावाने लांबची पदयात्रा ठरवली होती. साखळीहून निघायचे, चोर्ला घाट चढायचा आणि सह्याद्रीच्या माथ्यामाथ्याने दक्षिणेकडे चालत राहायचे. वाटेतल्या गावांना सांगायचे, जंगल राखा, जनावरांना जागा ठेवा. पुढे होता रुद्रेश, शाळेत कवायत शिकवणारा. पोरगा वाईट नव्हता. हेच मला जास्त लागते.

रोज पहाटे सराव चाले. पाठीवर पिशवी, पिशवीत धोंडे आणि गावामागची चढण. पहिल्या दिवशी प्रभावती अर्ध्या वाटेत बसली. शंभूने तिला विचारले, तू डोंगर चढणार की डोंगराने तुला उचलून न्यायचे? ती हसली नाही. दुसऱ्या दिवशी तिने पिशवीत आणखी एक धोंडा घातला. मग शंभूही थट्टा विसरला. संध्याकाळी पेज झाली की तो तिच्या भेगाळलेल्या टाचांना कोकमाचे तेल चोळायचा. मला धुऊन पायरीवर उभी करायचा.

चढणीच्या वर देवराई आहे. तिथली वाळकी काठीसुद्धा कोणी घरी नेत नाही. सुरुवातीला एक दगड आहे. त्या दगडापाशी वहाणा काढायच्या आणि पुढे अनवाणी जायचे, ही गावाची रीत. दगडापलीकडे खडकाळ पट्टा, त्यात बेहड्याचे उंच झाड. झाडाच्या ढोलीत धनेशाची मादी बसली होती. ही मादी अंडी घालताना ढोलीचे तोंड लिंपून घेते, एक फट तेवढी ठेवते. नर फळे आणून त्या फटीतून तिला भरवतो. प्रभावती रोज तिथे थांबून ते बघायची.

सरावात पायांना काटे लागू लागले. यात्रा जवळ आली, पाय जायबंदी व्हायला नकोत, म्हणून रुद्रेशने सांगितले की वहाणा दगडापाशी नको, पट्टा ओलांडून फणसाखाली काढू. सगळ्यांना बरे वाटले. प्रभावतीला नाही.

"पाय दुखतत म्हणून देवाची हद्द मागे सरता काय रे?" तिने विचारले.

"काकी, फातर काय पळान जाता?" रुद्रेश दगडाकडे बोट दाखवत म्हणाला. "पाय सांभाळ आधी."

सगळे हसले. त्या दिवसापासून फणसाखाली वहाणांचा ढीग आणि खाली दगडापाशी मी एकटीच.

मग खाणीचा मोजणीदार आला. खाण वाढवण्यासाठी त्याला देवराई सोडून बाकीची जागा आखायची होती. त्याने गावातल्या म्हाताऱ्या गोकुळदासला विचारले, हद्द कुठली? गोकुळदासने बापजाद्यांचे उत्तर छाती काढून दिले.

"जंय व्हाणा काढतत, थंयसून देवाची हद्द."

मोजणीदाराने वहाणांचा ढीग पाहिला आणि फणसाखाली खुंटी ठोकली.

प्रभावती धावत गेली. हद्द खाली आहे म्हणाली. त्याने माझ्याकडे बघितले आणि म्हणाला, एका जोडीने हद्द होत नाही, बाई. गोकुळदास तिथेच उभा होता. तोंड उघडले तर आपलीच चूक चव्हाट्यावर येईल, म्हणून गप्प बसला. रुद्रेशने तिची समजूत काढली. यात्रेच्या शेवटी मोठी माणसे येतील, तिथे अर्ज देऊ. तिने विश्वास ठेवला आणि आम्ही निघालो.

मी कुठे तुटले नाही. प्रत्येक गावात प्रभावती धनेशाची गोष्ट सांगायची. लोक टाळ्या वाजवायचे, हार घालायचे. आम्ही परक्या गावांना जंगल राखायला सांगत होतो आणि आमच्या गावात कुऱ्हाडी चालत होत्या.

अर्ज देऊन परत आलो तेव्हा पट्टा उघडा पडला होता. बेहडा आडवा झाला होता. मादी ढोलीतच मेली होती. नर चोचीत फळ धरून, जिथे ढोली होती तिथे हवेत घिरट्या घालत होता.

प्रभावती रडली नाही. रुद्रेशकडे वळून तिने एवढेच विचारले, "तुझे पाय बरे आसत मा?"

पावसाळ्यात ती तापाने गेली. शंभूने ट्रक सोडला. कित्येक दिवस तो पायरीवर माझ्याशेजारी बसायचा. रुद्रेश आला आणि मला मागू लागला. शाळेच्या काचेच्या कपाटात ठेवू, पदयात्रेची आठवण म्हणून. शंभू म्हणाला, "कपाटात नाय. तिका काम आसा."

देवराईच्या पूजेला, भर उन्हात, शंभूने मला जुन्या दगडापाशी ठेवले आणि स्वतः वाटेत उभा राहिला. गोकुळदास वहाणा घालून पुढे निघाला.

"हंय काढ," शंभू म्हणाला.

गोकुळदास म्हणाला, सावली राहिली नाही, खडक तापलाय, पाय भाजतील.

"भाजांदेत."

तो हटला नाही. शेवटी गोकुळदासने वहाणा काढल्या. मग रुद्रेशने, मग सगळ्या गावाने. माझ्याभोवती ढीग झाला. तापल्या पट्ट्यावरून माणसे उड्या मारत गेली. कोणी हसले नाही. ज्यांनी मुलांना कडेवर घेतले, त्यांना शंभू काही बोलला नाही. मुलांनी काही तोडले नव्हते.

मित्रांनो, तुम्हीही अजून काही तोडलेले नाही. पण उद्या कोणीतरी म्हणेल, पाय दुखतात, जरा पुढे जाऊन काढू. त्याला तिथेच अडवा. आणि तो तुमचा आवडता माणूस असला, तर सगळ्यात आधी त्यालाच अडवा.