चतुराबाईची झील

रामराव देशमुखांनी तांब्याची तार तिसऱ्यांदा बांबूला गुंडाळली, तेव्हा समोरच्या अंगणात चतुराबाई मुद्दाम त्यांच्याकडे पाठ करून कापसाच्या पऱ्हाट्या मोडत बसली होती. चुलीला लागतील त्याच्या चौपट काड्या मोडून झाल्या होत्या, तरी तिचे हात थांबत नव्हते.

"मास्तर, आता बघा लागतो का!" रामराव माळवदावरून ओरडले.

"लागतोय," ओसरीतून मार्तंड मास्तरांचा आवाज आला, "पण भजी तळल्यासारखी खरखर आहे."

"तार अजून वर घेतो. खुंटी हळू फिरवा, जल्दी करू नका."

पिंपळगावात रेडिओ एकच. रामरावांनी तो लढाईच्या बातम्या ऐकायला म्हणून घेतला होता. त्याची बॅटरी भरून आणायला दर पंधरवड्याला बैलगाडी थेट जालन्याला जायची, त्यामुळे एरवी ते पाहुण्यारावळ्यांनाही फार वेळ ऐकू देत नसत. आज मात्र त्यांनी आपणहोऊन गावभर सांगावा धाडला होता. आज संध्याकाळी गावची सोनूबाई औरंगाबादच्या रेडिओवर गाणार होती. लोकांनी गुरं लवकर बांधली, भाकरी दिवसाउजेडीच उरकल्या. काहींनी तर ठेवणीतलं धोतर काढलं होतं, जणू रेडिओतून सोनूबाई त्यांना बघणार होती.

चतुराबाईने दुपारपासून तोंडात पाण्याचा थेंब घेतला नव्हता, आणि ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं याचाही तिला राग येत होता.

सव्वीस वर्षं त्या दोघी रेणुकाईच्या देवळात एकत्र गात आल्या होत्या. सोनूबाईने देवीला प्रश्न विचारायचा आणि चतुराबाईने झील धरायची, म्हणजे उत्तर द्यायचं. प्रश्न जुने होते, साऱ्या पंचक्रोशीत तेच म्हणत. उत्तरं मात्र चतुराबाईची स्वतःची होती. खुरपताना, भाकरी थापताना तिने ती एकेक करून जुळवली होती. तरी देवळाच्या पायऱ्या उतरताना लोक म्हणायचे, "सोनूबाई काय गायली!" चतुराबाईही त्यांच्याबरोबर मान डोलवायची. तिला त्याचं काही वाटत नाही, असं तिला वाटत होतं.

मग तो कागद आला. नवरात्रात रेडिओचे एक साहेब देवळात गाणं ऐकून गेले होते, त्यांचा. कागद उर्दूत होता, तो मार्तंड मास्तरांनी पारावर वाचून दाखवला. मंजुरी एकाच गाणाऱ्या बाईची होती, आणि सोबतीला घरचा एक पुरुष. सगळे सोनूबाईकडे बघायला लागले. सोनूबाईने मान खाली घातली आणि म्हणाली, "बरं."

बास, एवढंच. चतुराशिवाय मी गात नाही, असं ती एका शब्दाने म्हणाली नाही. परवा सकाळी ती आपला भाऊ धर्मराज याच्यासोबत भोकरदनला निघाली, तिथून पुढे सर्व्हिस मोटार होती. त्यांची गाडी चतुराबाईच्या दारात थांबली.

"चतुरा, येते गं," सोनूबाईने गाडीतूनच हाक मारली.

चतुराबाई आत उतरंडीपाशी उभी होती. तिने ओ दिली नाही. गाडी बराच वेळ तिथेच उभी राहिली आणि मग निघून गेली.

"आक्का, चला की." रामरावांची बायको उषाबाई अंगणात आली होती. "साऱ्या बाया येऊन बसल्या. तुमचीच वाट बघून राह्यले सगळे."

"माझी कशाला? तिचं गाणं, तिनं म्हणावं, तुम्ही ऐकावं. मी बिलकुल येणार न्हाई. मला काम हाय."

उषाबाईने काड्यांच्या ढिगाकडे पाहिलं. "एवढ्यावर तर लग्नाचा सैपाक व्हईल."

"व्हऊ द्या."

उषाबाईने लुगडं सावरलं, चतुराबाईच्या शेजारी बसकण मारली, आणि एक पऱ्हाटी घेऊन मोडायला लागली.

"हे काय?"

"तुम्ही येत न्हाई, मंग मी बी जात न्हाई. दोघी मिळून मोडू."

चतुराबाईने दोन काड्या मोडेपर्यंत दम धरला. मग ती पदराने हात पुसत उठली. "उठा तुम्ही. देशमुखाची बायको माझ्या दारात काड्या मोडून राह्यली म्हणल्यावर गाव मलाच नावं ठेवंल."

ओसरीत पाय ठेवायला जागा नव्हती. रेडिओ तिवईवर ठेवला होता आणि उषाबाईच्या सासूने त्याला हळदकुंकू लावलं होतं. रामराव त्याच्या उजव्या हाताला, मास्तर डाव्या हाताला बसले होते. बाया माजघराच्या दारापासून अंगणापर्यंत दाटीवाटीने बसल्या होत्या. चतुराबाई पायरीलगतच्या खांबाला टेकली, म्हणजे मनात आलं की उठून जाता येईल.

खरखर झाली आणि एक माणूस शुद्ध मराठीत म्हणाला, "आता पिंपळगाव रेणुकाई येथील सोनूबाई देवीचं गाणं सादर करतील."

"आपलं गाव म्हणला!" कचरू कोतवाल अंगणातून ओरडला. लोकांनी त्याला गप्प केलं, पण जो तो हसत होता. आपल्या गावाचं नाव औरंगाबादहून माघारी ऐकू येतं हे कुणी आयुष्यात अनुभवलं नव्हतं. चतुराबाईने मात्र दुसरंच ऐकलं. नाव एकच होतं.

मग सोनूबाई गायला लागली.

*आई, तुझ्या डोंगराला वाट कोणी पाडली?*

तोच आवाज होता, किंचित घोगरा, शेवटी वर चढणारा. त्या आवाजाचा तिला राग होता, आणि तरी तो ऐकून तिला बरं वाटलं, यात तिचा काही इलाज नव्हता.

प्रश्न संपला आणि रेडिओ गप्प झाला.

रामराव ताडकन उठले. "बॅटरी उतरली! परवाच तर भरून आणल्ती!"

"एक चापट मारा," कचरूने सुचवलं.

"चापट मारायला तो काय बैल हाय?"

"थांबा, थांबा," मास्तर कान लावून म्हणाले. "बॅटरी नाही. खरखर चालू आहे, ऐका. तिकडंच काहीतरी—"

तेवढ्यात सोनूबाईचा आवाज पुन्हा आला.

*आई, तुझ्या देवळात दिवा कोणी लावला?*

पुन्हा शांतता. कुणीतरी म्हणालं, बाई घाबरली. कुणी म्हणालं, विसरली. सोनूबाईच्या भावकीतल्या एका बाईने तोंडाला पदर लावला, कारण हैदराबादची सारी रियासत ऐकत असताना गावची लाज जायची वेळ आली होती. गाण्यातले नुसते प्रश्न ऐकायला कोण बसणार?

"आणि ते काय वाजून राह्यलं?" रामराव पेटीवर वाकले. "आत कायतरी आपटतंय."

खरंच, खरखरीच्या आतून अगदी बारीक आवाज येत होता. थप, थप, थप.

चतुराबाईची पाठ खांबापासून सुटली. ही सोनूबाईची मांडी होती. देवळात दोघी शेजारी बसायच्या तेव्हा चतुराबाईची झील चालू असताना सोनूबाई असाच मांडीवर ठेका धरायची. चतुराबाईने बोटावर मोजलं. आठ थापा. नववीला सोनूबाईचा पुढचा प्रश्न. तिची ओळ बरोबर आठ थापांची होती, एक कमी नाही, एक जास्त नाही.

"ती इसरली न्हाई," चतुराबाई मोठ्याने म्हणाली. सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. "थांबून राह्यली ती."

"कुणासाठी?" रामरावांनी विचारलं.

"माझ्यासाठी."

"अवो, ती औरंगाबादला, तुम्ही हितं. तिला काय ऐकू येणार?"

एवढ्यात तिसरा प्रश्न सुरू झाला.

*आई, तुझ्या कपाळाला मळवट कोणी भरला?*

आणि पहिली थाप पडायच्या आत चतुराबाई गायली.

*खुरप्याचे घट्टे पडल्या, बाई, हातांनी भरला.*

आवाज कोरडा निघाला, मधे एकदा फाटला. पण आठव्या थापेला तिची ओळ संपली. मार्तंड मास्तरांनी चष्मा काढून हातात घेतला. पारावर त्यांनी तो कागद वाचला होता, आणि दुसऱ्या नावासाठी उलट अर्ज लिहिता येतो हे त्यांना माहीत असून त्यांनी लिहिला नव्हता.

नववी थाप पडली, पण प्रश्न आला नाही. त्याऐवजी एका पुरुषाचा दबका, घायकुतीला आलेला आवाज आला.

"बाई, रुकिए मत. बीच में चुप मत रहिए. गाइए, जल्दी."

आणि मग सोनूबाई. गाण्यातली नाही, रोजची सोनूबाई, विहिरीवर बोलते तशी, ठणठणीत.

"थांबा वो साहेब. मधी नका बोलू. चतुराबाई म्हणून राह्यली."

अंगणात एकच गलका उठला. कचरू कोतवाल तर उभाच राहिला. "चतुराआक्का, तुमचं नाव! रेडिओत तुमचं नाव!" औरंगाबाद, हैदराबाद, जिथे जिथे म्हणून ते यंत्र होतं तिथे तिथे आत्ता चतुराबाईचं नाव ऐकू गेलं होतं, आणि तेही साहेबाला दटावून.

"गप बसा रे!" उषाबाई ओरडली. नवऱ्यादेखत, सासूदेखत. "गाणं चालू हाय!"

*आई, तुझी वटी, बाई, सांग कोणी भरली?*

देवीच्या ओटीचा हा शेवटचा प्रश्न होता. चतुराबाईला मूलबाळ नव्हतं, आणि या प्रश्नाचं उत्तर तिने सगळ्यात शेवटी, फार वर्षांनी जुळवलं होतं. ते गाताना बाया खाली बघायच्या. एकदा देवळाच्या पुजाऱ्याने ते कडवं गाळायला सांगितलं, तेव्हा सोनूबाई गाणं सोडून उठून गेली होती.

थापा सुरू झाल्या. चतुराबाईने तोंड उघडलं, पण देवळात व्हायचं तसंच झालं, ओळ बाहेर येईना. एक, दोन, तीन. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही तिला सुचत नव्हतं. पाच. सहा. सगळ्या बाया तिच्याकडे बघत होत्या. ओळ सगळ्यांना पाठ होती, पण एकीनेही तोंड उघडलं नाही. सात. आठ.

नववी थाप पडली. दहावी पडली.

सोनूबाई पुढे गेली नाही; देवळातही या ओळीला ती चतुराबाईचा आवाज लागेपर्यंत अशीच थांबायची. अकरा. बारा. साहेब पुन्हा बोलला नाही, की बोलायची त्याची छाती झाली नाही कुणास ठाऊक. खरखरीतून ठेका येत राहिला, तोच, तेवढाच, न घाईचा. रामरावांचे दोन्ही हात आपोआप जोडले गेले होते.

चतुराबाईने खोल श्वास घेतला.

*रित्या वटीच्या लेकीनं, बाई, वटी भरली!*

हा आवाज फाटला नाही. तो ओसरीतून निघून माळवदावर गेला, समोरच्या गल्लीत गेला, आणि उशिरा येणारे लोक तिथेच थबकले. शेवटची झील दोनदा म्हणायची असते. दुसऱ्यांदा ओसरीतल्या साऱ्या बाया तिच्यासोबत गायल्या, आणि रेडिओतून सोनूबाईही, शब्दाला शब्द लावून.

गाणं संपलं. निवेदक घसा खाकरून सनईबद्दल काहीतरी सांगायला लागला, पण ते कुणी ऐकत नव्हतं. बाया चतुराबाईला मिठ्या मारत होत्या. रामराव भेटेल त्याला सांगत होते की, यंत्र त्यांचंच होतं.

चतुराबाई त्या सगळ्यांतून वाट काढत तिवईपाशी गेली. पदराने तोंड पुसलं आणि रेडिओच्या जाळीशी वाकून, अनोळखी माणसाशी बोलावं तशा अदबीने म्हणाली,

"साहेब, तिला पाणी द्या. गाण्यानंतर तिला लगेच पाणी लागतं."

ओसरीत कुणीही हसलं नाही. मार्तंड मास्तर उठले, माजघराच्या दारातला तांब्या उचलला, आणि चतुराबाईसमोर धरला.