कोंडीबा मेंढरंवाले, मूळव्याध

"नाव सांगू नका, गाव सांगू नका! फकत एक मिस कॉल द्या, अन् महाराजांचा चमत्कार बघा!"

कुरुंद्याच्या बाजारतळावर वैजनाथ नावाचा चेला भोंग्यावरून ओरडून राहिला होता, आणि शेतातल्या हळदीची कामं टाकून अख्खा गाव मांडवात दाटला होता. मिस कॉल दिला की नंबर लागायचा. पाळी आली की वैजनाथ फोन करून पुढं बोलवायचा. व्यासपीठावर भला थोरला फेटा बांधून, डोळे गच्च मिटून अंतर्ज्ञानी महाराज बसलेले. थोडं घुमायचे, मग गरजायचे.

"बालाजी! ट्रॅक्टरवाला! खरं का खोटं?"

"खरं हाय महाराज!" बालाजीनं लोटांगणच घातलं.

मी इथल्या शाळेत विज्ञान शिकवतो. हा बालाजी माझ्याच हाताखालून पास झालेला. तेव्हाच नापास केला असता तर बरं झालं असतं, असं मनात आलं.

त्याच्यामागून पुनम बसली. तीही माझी विद्यार्थिनी. नवऱ्यानं कुऱ्हाडीच्या दांड्यानं हात मोडला, तेव्हा तान्हं लेकरू घेऊन ती माहेरी आली होती. आज त्या लेकराचा ताप उतरेना, म्हणून धुरपताबाई मावशीनं तिला ओढून आणलं होतं.

"पुनम!" महाराज किंचाळले. "नवऱ्याला सोडून आलीस! अमावस्येच्या आत नांदायला जा, न्हाई तर हे लेकरू हातचं जाईल!"

तापलेलं लेकरू मांडीवर घेतलेल्या बाईला असं बोलायचं? मला शिसारी आली. त्या मेल्याच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी तिच्या घरी गेलो. लेकराला डॉक्टरचं औषध लागू पडलं होतं, ताप उतरला होता. तरी पुनम पिशवीत कपडे कोंबत होती.

"काहून चाललीस? परत गेलीस तर मारून टाकंल तो तुला."

"सर, मी तोंडातून चकार शब्द काढला न्हवता. तरी समदं कळलं. त्याला देव न्हाई म्हणायचं तर काय म्हणायचं?"

"गुरुवारच्या दरबारापर्यंत थांब. मग तुझी तू ठरव."

ती कशीबशी थांबली. मी थेट वसमतला करुणाकडं गेलो. करुणाही माझीच जुनी विद्यार्थिनी, तिथल्या कोर्टात वकिली करते. तिनं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "सर, मिस कॉल कशाला लागतो हो देवाला?"

तिच्याकडं एक कोरं सिम पडून होतं. तो नंबर आम्ही शाळेतल्या सगळ्या मास्तरांच्या फोनात एकाच नावानं साठवला: कोंडीबा मेंढरंवाले मूळव्याध. आणि वाट बघत बसलो.

गुरुवारी पुनम मावशीबरोबर मांडवात येऊन बसली. करुणानं मिस कॉल दिला. पाळी आल्यावर काळा कोट सावरत महाराजांपुढं मांडी घालून बसली. महाराजांचे डोळे मिटलेलेच.

"कोंडीबा! मेंढरं बरी हायेत का रे? अन् असा बसू नको बाबा, तुला बसवत न्हाई! मूळव्याध हाय तुला, मूळव्याध!"

बायकांनी पदर तोंडाला लावले आणि असा हशा पिकला की महाराज दचकून उठले. फेटा घसरला आणि कानातलं इवलंसं यंत्र खाली पडलं. बालाजीनं उचलून कानाला लावलं आणि ऐकू आलं ते सगळ्यांना सांगितलं. मांडवामागच्या टेम्पोतून वैजनाथ कळवळून सांगत होता, "महाराज, बाई हाय! बाई!"

करुणा उठली. "अनोळखी फोन आला की नाव दाखवणारं ते फुकटचं ॲप तुमच्यातल्या किती जणांच्या फोनात हाय? ते फुकट न्हाई. तुमच्या फोनात ज्याला ज्या नावानं ठेवलंय, ते नाव ते उचलून नेतं अन् दुसऱ्या कुणाच्या बी फोनात दाखवतं. तुमी मिस कॉल द्यायचा, चेल्यानं तेच नाव यांच्या कानात सांगायचं. एवढंच यांचं अंतर्ज्ञान."

महाराज फेटा सावरत गुरगुरले, "मंग? नंबर काय कुणाची खासगी चीज असती? दुकानाच्या पाटीवर बी लिहिलेला असतो!"

"पाटीवर दुकानदारानं स्वतः लिहिलाय. ज्याच्यावरून माणूस ओळखू येतो तो त्याचा वैयक्तिक डेटा, आणि नाव-नंबर त्यात बराबर येतात, असं कायदाच म्हणतो. या पुनमनं नंबर पाळी लावायला दिला होता, घरादाराची लाज चव्हाट्यावर मांडायला न्हाई! त्या नव्या कायद्याची कलमं टप्प्याटप्प्यानं लागू व्हायलीत महाराज, पण चमत्काराच्या नावानं लोकायला भीती घालायला बंदी घालणारा कायदा महाराष्ट्रात कधीचाच हाय. ठाण्यात चला."

पुनमनं हळूच आपला फोन काढला आणि शेजारी बसलेल्या मावशीला लावला. धुरपताबाईच्या हातातल्या फोनचा पडदा उजळला: पुनम नवऱ्याला सोडलेली.

मावशीचं तोंड उतरलं. "बाई गं, आपल्या भावकीत तीन पुनम हायेत. वळखायचं कसं, म्हणून लिव्हलं. वाईट मनात न्हवतं गं माझ्या."

खरंच नव्हतं. आपण सगळे असंच करतो. कुणी 'दमावाला', कुणी 'मूल न होणारी'. माणसाच्या दुखण्यालाच त्याचं नाव करून ठेवतो आणि ते कोण उचलून नेतं याचा पत्ता नसतो. म्हणून हात जोडून सांगतो, आज घरी गेल्यावर आपला फोन उघडून बघा, दुसऱ्याची काय काय अब्रू त्यात भरून ठेवलीय. आणि न सांगता कुणाला काही कळलं, तर पाया पडायच्या आधी विचारा, कुठून कळलं?

पुनमनं मावशीकडून ते नाव पुसून घेतलं. मग करुणानं आधीच बोलावून ठेवलेल्या पोलिसांच्या गाडीत चढणाऱ्या महाराजांच्या पुढ्यात जाऊन तिनं आपला वाकडा जुळलेला हात उचलून धरला.

"नवऱ्याला सोडलं ते कळलं तुमाला. हा हात त्यानं मोडला, ते काहून न्हाई कळलं? कुनाच्या फोनात लिव्हलेलं न्हवतं म्हणून?"

महाराजांनी पुन्हा डोळे मिटून घेतले. पुनम घरी गेली आणि पिशवीतले कपडे परत दांडीवर टाकले.