धुऱ्याची रुंदी

"याला लांबी किती?"

फळ्यावर खडूचं एक टिंब काढून चिंतोपंतांनी वर्गाकडे पाहिलं. वर्ग कसला, सतरा दाढीमिशांचे बाप्ये सतरंजीवर मांड्या घालून बसले होते. सरकारला वऱ्हाडातली वावरं मोजायची होती आणि त्यासाठी मोजणीदार हवे होते. त्यांना भूमिती शिकवायचं काम चिंतोपंतांच्या गळ्यात पडलं होतं.

"जवारीच्या दाण्याएवढी, पंतोजी," शेषराव म्हणाला. तोंडात पान होतं, ते त्याने बोलण्यापुरतं गालात सारलं.

"गाढवा, बिंदूला लांबी नसते. रुंदीही नसते. त्याला फक्त जागा असते."

"मंग तो मले दिसून कसा राहिला?"

वर्ग खदखदून हसला. शेषरावाने खिडकीतून पिंक टाकली. निम्मी बाहेर गेली, निम्मी गजांवरून ओघळत राहिली. चिंतोपंतांनी उपरण्याचं टोक नाकाला लावलं आणि फळ्याकडे तोंड फिरवलं.

वाईचा माणूस हा. कृष्णेचा स्वच्छ घाट सोडून तीन वर्षांपूर्वी अमरावतीला आला आणि तेव्हापासून नाक मुरडतच जगत होता. तिकडे अमेरिकेत लढाई पेटली आणि इकडे कापसाला सोन्याचा भाव आला. सारं गाव पिसाळल्यासारखं कापसाच्या मागे लागलं. वर्ग भरायचा तो जुन्या सराईत, आणि सराईच्या अर्ध्या भागात सरकीचे ढीग. भिजलेली सरकी कुजली की असा आंबूस दर्प सुटे की बोलायला तोंड उघडवत नसे. रुईचे तंतू भातात, ताकात, पूजेच्या पंचपात्रीत. काल कवडी मोजणारे लोक आज रेशमी फेटे बांधून कोपऱ्याकोपऱ्यावर थुंकत होते. चिंतोपंतांना साऱ्याची शिसारी होती, आणि ती लपवण्याचा त्यांनी कधी प्रयत्नही केला नाही.

भूमितीवर मात्र त्यांचा जीव होता. जगात तेवढीच एक गोष्ट अशी होती की जिला वास नव्हता.

"रेषेला लांबी असते, रुंदी नसते," ते सांगत. "पृष्ठभागाला लांबी आणि रुंदी असते, जाडी नसते."

"जाडी नाई, मंग पीक कशात येते?" मागून कोणीतरी विचारी.

एकदा शेषरावाने अगदी मनापासून विचारलं होतं, "पंतोजी, आमच्या दोन वावराच्या मंधात धुरा असते, तुमच्याकडं बांध म्हणतेत तो. कुठी चार हात, कुठी दहा हात. त्यावर गवत असते, झाडं असतेत, साप असतेत. तो धुरा म्हंजे रेषा का काय?"

"धुरा म्हणजे घाण!" चिंतोपंत कडाडले. "मी रेषेबद्दल बोलतोय. वर्गात धुऱ्याचं नाव काढायचं नाही."

शेषरावाने ते नाव पुन्हा काढलं नाही. पण पोरगा हुशार होता, चिंतोपंतांनाही ते नाकारता येईना. महिन्याभरात तो साखळी ताणून दोन खांबांमधून अशी सरळ रेघ धरू लागला की चिंतोपंतांनी दोरी लावून पाहावी आणि चूक सापडू नये.

माघात परीक्षा झाली. प्रत्येकाने खरोखरीची एक सीमा मोजून तिचा नकाशा काढायचा होता. परीक्षक चिंतोपंतच. जे नकाशे ते पास करतील ते कचेरीत जायचे आणि सरकारी दप्तरात कायम व्हायचे. शेषरावाने बोरखेडीची एक सीमा घेतली. एका बाजूला पुंजाराम पाटलाचं मोठं वावर, दुसऱ्या बाजूला पार्बताबाई नावाच्या विधवेचं लहानसं.

तो नकाशा पाहून चिंतोपंतांना भरून आलं. पांढऱ्या कागदावर केसासारखी बारीक एक रेघ. ना डाग, ना गवताची काडी, ना कोणाचं बोट उमटलेलं. अमरावतीत तीन वर्षांत त्यांच्या हातात एवढी स्वच्छ वस्तू आली नव्हती. त्यांनी खाली 'उत्तम' असा शेरा मारला आणि सही केली. त्या दिवशी त्यांना जेवणही गोड लागलं.

चैत्रात एका सकाळी पार्बताबाई दारात उभी राहिली. चिंतोपंतांकडे दूध तीच घालत असे. आज तिच्या हातातली चरवी रिकामी होती.

"दूध कुठे आहे?"

"म्हशी इकल्या, पंतोजी."

"का गं?"

"चारू काय त्यायले? माह्या धुऱ्यावरचं गवत होतं, त्याची गंजी लावेल होती. पाटील गंजी उचलून घेऊन गेला. म्हणते, धुरा माहा हाय आता." तिच्या आवाजात रडं नव्हतं, त्यामुळेच चिंतोपंतांना तिच्याकडे पाहवेना. "माह्या सासऱ्याच्या वक्तापासून धुरा आमचा. मी शेषरावले इचारलं, काहून असं केलं बापा? तर तो म्हणते, पंतोजी म्हणतेत रेघेले रुंदी नसते. मंग मले वाटलं, तुमालेच इचारावं. माहा धुरा दहा हात रुंद होता. तो गेला कुठी?"

चिंतोपंत उठले. ते खुंटीवरची पगडी घालून तसेच तिच्यामागे निघाले.

बोरखेडीला पाटलाच्या बैठकीत शेषराव सापडला. पंतोजींना पाहून तो लगबगीने उठला. कसली लाज नव्हती की काही नाही, गुरू घरी आल्याचा आनंदच त्याच्या तोंडावर होता.

"दहा हातांचा धुरा तू कुठे घातलास?" चिंतोपंतांनी विचारलं.

"रेषेले रुंदी नसते ना, पंतोजी. मंग धुरा कुठीतरी इकडं नाईतर तिकडं घालाच लागे. पाटील म्हणे बाईच्या कडेनं साखळी धर. मी धरली."

"मधोमध का नाही धरलीस? त्या बाईला का नाही विचारलंस?"

शेषराव गोंधळला. "मी तर तुमाले इचारलं होतं धुऱ्याचं. तुमी म्हणे, वर्गात त्याचं नाव काढू नको."

पुंजाराम पाटलाने बोटाला लागलेला चुना भिंतीला पुसला. "अन् पाहुणचार तर आमच्या घरचा होता त्या दिवशी. पुरणपोळी खाऊन माणूस आमच्याच बाजूनं चालन ना?" तो मोठ्याने हसला. "कागद बोलून राहिला, पंतोजी. खाली सही कोणाची हाय ते पाहून घ्या."

त्याचं ते पानाने लाल झालेलं तोंड पाहून चिंतोपंतांना मळमळलं. पण परत येताना वाटेत त्यांना कळून चुकलं की ही मळमळ पाटलाची नव्हे. पाटील लबाड होता, पण लबाडी त्याने उघड्यावर केली. शेषराव तर बिचारा विचारायलाही आला होता. सगळ्या जगाची घाण वाटली म्हणून त्यांनी एका कोऱ्या कागदात तोंड लपवलं, आणि एका बाईचं गवत त्या कागदाखाली गेलं. चिंतोपंतांना आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची किळस आली.

दुसऱ्या दिवशी ते कचेरीत गेले. शिरस्तेदाराने नकाशा काढून पाहिला.

"रेषा सरळ आहे?"

"आहे."

"लांबी बरोबर आहे?"

"अचूक आहे."

"मग चूक कुठे आहे, पंत?"

"शिकवण्यात," चिंतोपंत म्हणाले.

शिरस्तेदार सज्जन होता. त्याने हलक्या आवाजात समजावलं की फेरमोजणी होऊ शकते, पण परीक्षकाने आपली परीक्षा चुकली असं लिहून द्यायला हवं. आणि असं लिहून देणाऱ्याला सरकार त्या जागेवर ठेवणार नाही. काटे, शेण आणि साप, एवढंच तर होतं त्या धुऱ्यात, असं चिंतोपंतांनी मनाला सांगून पाहिलं. मन ऐकेना. त्यांनी बोरू उचलला आणि लिहून दिलं.

फेरमोजणीला वैशाख उजाडला. नवा मोजणीदार अकोल्याहून आला होता, खुशालराव नावाचा. नोकरीवरून काढलेले चिंतोपंत उन्हात त्याच्याबरोबर बोरखेडीला गेले. वावराच्या टोकाला पोचले आणि त्यांचे पाय तिथेच थांबले.

धुरा नव्हता. पाटलाने तो पंधरा दिवसांपूर्वीच नांगरून टाकला होता. झाडं खणून काढली होती, मुळ्या वेचून नेल्या होत्या. इकडच्या वावरापासून तिकडच्या वावरापर्यंत काळीभोर सपाट जमीन पसरली होती.

"धुरा कुठी होता?" खुशालरावाने विचारलं.

"मले काय मालूम," पुंजाराम म्हणाला. "मले तर कुठी दिसून नाई राहिला."

खुशालरावाने चिंतोपंतांकडे पाहिलं. चिंतोपंत काय सांगणार? या वावरात ते आज पहिल्यांदाच आले होते.

"मी दाखवते," पार्बताबाई म्हणाली.

तिने पायातल्या वहाणा काढून कडेला ठेवल्या आणि नांगरटीत उतरली. ढेकळं तापली होती, पण ती घाईने चालली नाही. घरातल्या घरात चालावं तशी बेताने निघाली. खुशालराव साखळी घेऊन मागे, त्याच्यामागे चिंतोपंत. पन्नासेक पावलं गेल्यावर ती अचानक उजवीकडे सरली. लुगड्याचा काठ तिने हाताने वर उचलून धरला, अर्धा वळसा घेतला, आणि पुन्हा आपल्या वाटेवर येऊन काठ सोडला.

"मधातच काहून वळल्या, बाई?" खुशालराव म्हणाला.

"बोरीचं झाड हाय ना तिथं," ती मागे न पाहता म्हणाली. "काटे लागतेत."

खुशालरावाने मोकळ्या ढेकळांकडे पाहिलं, मान हलवली आणि सरळ पुढे गेला. चिंतोपंत त्या जागेपाशी आले. त्यांनी धोतराचा सोगा आवरून धरला आणि ते वळसा घालून गेले.