वारावर चार बोटं

उभा केलात तर तीन वर्षांच्या पोराएवढा, आडवा धरलात तर बरोबर एक वार. मी कापडवाल्याचा गज बोलतोय. कुवेतच्या बाजारात कासमशेटांच्या दुकानात मी वर्षानुवर्षं कापड मोजलं, आणि खरं सांगायचं तर कापडाच्या निमित्तानं माणसंही मोजली.

माझा जन्म दाभोळच्या खाडीकाठचा. बदरुद्दीन सुतार होड्या बांधायचा. त्याच्याकडे शिसवाची एक फळी उरली होती, तिच्यातून त्यानं मला काढलं. दोन्ही टोकांना पितळी टोप्या घातल्या, पाव-पाव वारावर पितळी चुका ठोकल्या. कासमशेटांच्या हाती देताना म्हणाला, "लाकूड सरळ आहे, कासम. हात तेवढा सरळ ठेव." १९५२ साली मुंबईहून आगबोटीत बसून आम्ही दोघं कुवेतला उतरलो. इथले अरबही कापड मागताना 'वार' हाच शब्द वापरत. म्हटलं, बरं झालं, परक्या मुलखात निदान माझ्या मापाचं नाव तरी ओळखीचं आहे.

गिऱ्हाइकांचे किती किस्से सांगू? वाळवंटातला एक म्हातारा यायचा. त्याचा माझ्यावर काडीचा विश्वास नव्हता. तो कोपरापासून बोटापर्यंत आपल्या हातानंच मोजायचा. एकदा तो ताडासारखा उंच मुलगा बरोबर घेऊन आला आणि म्हणाला, "आज हा मोजेल." शेट हसले. चहा पाजला आणि म्हणाले, "मोजू दे. पण त्याच्या अंगरख्यालाही तेवढंच जास्त कापड लागेल, ते विसरू नकोस." म्हातारा हसत सुटला. तेव्हापासून तो दुसऱ्या दुकानाची पायरी चढला नाही.

आमच्या दुकानाची एक रीत होती. माप पुरं झालं की शेट माझ्या टोकापुढं चार बोटं आडवी ठेवायचे आणि त्यांच्यापलीकडे कात्री लावायचे. ही चार बोटं मापात धरायची नाहीत. "कापड धुतल्यावर आटतं, शिवणारणीचा हात चुकतो," शेट म्हणायचे. "वार गिऱ्हाइकाच्या हक्काचा, चार बोटं आपल्या इमानाची."

दुकानामागेच बिऱ्हाड होतं, मधे एक पडदा. शेटांची मुलगी ताहिरा त्या पडद्याच्या आत-बाहेर करत वाढली. शाळेतून आली की मला हातात घ्यायची. अपूर्णांक ती माझ्या पितळी चुकांवर बोटं फिरवत शिकली.

१९६४ साली तिला बैरूतच्या एका कॉलेजात प्रवेश मिळाला. आई नूरबानूनं पडद्याआडून निकाल दिला, "चार वर्षं काळजावर दगड ठेवीन. पाचव्याचं नाव काढायचं नाही. पाचवं लागणार असेल तर जायचंच नाही."

इथेच मेख होती. पहिल्या वर्षाला बसण्याआधी कॉलेजची एक परीक्षा द्यायची होती. ती घ्यायला बैरूतहून मिस सल्मा आल्या होत्या. त्यांनी पालकांना समजावलं, "या परीक्षेत पास-नापास नाही. कोणाला कुठल्या वर्गात बसवायचं ते पाहायचं. गणित पक्कं असेल तर सरळ पहिलं वर्ष. नाहीतर आधी एक तयारीचं वर्ष."

"म्हणजे माल घेतलाय," शेट घरी येऊन म्हणाले. "कुठल्या फळीवर ठेवायचा एवढंच बघायचंय."

"खालच्या फळीवर ठेवला तर माल परत घरी," नूरबानू म्हणाली.

"अगो, पोर ऐकतेय."

"ऐकू दे. तिच्यासाठीच बोलतेय."

परीक्षेच्या सकाळी शेट मलाही घेऊन निघाले. लोकांच्या हातात छत्री असते तसा मी त्यांच्या काखेत असायचो. परीक्षा एका शाळेच्या मोठ्या खोलीत होती. शेट व्हरांड्यातल्या बाकावर बसले आणि मला उघड्या खिडकीला टेकवून ठेवलं. मी आत पाहिलं आणि पाहतच राहिलो.

आयुष्यभर मी समजत होतो की मोजायचं तर वस्तूला हात लावावा लागतो. ताणावं लागतं, टोकाला टोक जुळवावं लागतं. इथं अरब, फिलिस्तिनी, हिंदी, पाकिस्तानी मुलं-मुली ओळीनं बसलेली आणि कोणी कोणाला हात लावत नव्हतं. घासाघीस नव्हती. "थोडं जास्त द्या" असं कोणी म्हणत नव्हतं. पंखा फिरत होता, पेन्सिली सरकत होत्या, आणि त्या शांततेत एकेक पोर आतून मोजलं जात होतं. गज कुठं आहे, कोणाच्या हातात आहे, काही दिसेना. देवळात किंवा मशिदीत पाय ठेवताना माणसं आवाज का उतरवतात ते मला त्या खिडकीत कळलं. ताहिराची बोटं बाकाच्या कडेवर सरकत होती. माझ्या पितळी चुका शोधत होती बहुतेक.

ती बाहेर आली तेव्हा शेटांनी आधी पाणी दिलं, मग विचारलं, "काय काय विचारलं गो?"

"कापडाचंच विचारलं होतं, अब्बा. चाळीस वारांचं ठाण. अडीच-अडीच वाराचे तुकडे किती निघतील?"

शेटांनी डोळे मिटून मनात कात्री चालवली. "पंधरा. वर सव्वा वार उरतं."

"मी तेच लिहिलं."

बाजूला अशरफ उभा होता, तेलकंपनीतल्या एका इंजिनिअरचा मुलगा. तो म्हणाला, "सोळा ना? सिक्स्टीन, एक्झॅक्ट."

ताहिराचा चेहरा उतरला. शेटांचा हात माझ्यावर घट्ट झाला. कागदावरच्या कापडाला चार बोटं सोडायची नसतात, हे दोघांनाही एकदमच कळलं होतं.

त्या दुपारपासून शेट बरोबर माझ्या टोकाशी कात्री लावू लागले. जुनी गिऱ्हाइकं कापड उचलून पाहत, कड बोटांनी चाचपत आणि निघून जात. ताहिरा म्हणाली, "अब्बा, चूक माझी. गजाची नाही."

"गजाला कोण बोलतंय," शेट म्हणाले. "हाताला बोलतोय."

बैरूतला परतण्याआधी मिस सल्मा स्वतः दुकानात आल्या. ताहिरा काउंटरशी उभी होती. बाईंनी फ्रॉकसाठी तीन वार कापड मागितलं. शेट मोजू लागले. दुसऱ्या वाराशी त्या अरबीत म्हणाल्या, "मुलगी हुशार आहे. पण वरचा वर्ग एका प्रश्नानं हुकला. तयारीचं वर्ष करावं लागेल."

तिसरा वार पुरा झाला. कात्री हवेतच राहिली. ताहिरानं मान खाली घातली.

पडद्याआडून आवाज आला, "अवो, हात का थांबला?"

"मोजून झालंय."

"मग चार बोटं सोडा की. किती दिवस बघतेय, आखडून कापताय. बाजारात तोंड दाखवायचंय ना?"

शेटांनी बोटं ठेवली. चारही ठेवली आणि त्यांच्यापलीकडे कात्री चालवली. तेवढ्यात पडदा सरकला. नूरबानू डोक्यावरून पदर घेत बाहेर आली. गिऱ्हाईक असताना ती याआधी कधी बाहेर आली नव्हती. पडद्याआडून तिनं सगळं ऐकलं होतं; अरबी तिला कळायची, बोलता यायची नाही.

"त्या बाईंना अरबीत सांगा," ती म्हणाली. "चार वर्षांचं माप मीच दिलं होतं. आता त्यावर चार बोटं मीही सोडते."

शेटांनी सांगितलं. मिस सल्मांना ते कितपत कळलं, कोण जाणे. पण त्यांनी काउंटरवरून हात पुढं केला, आणि तो आधी नूरबानूनं धरला.

पाच वर्षांनी ताहिरा परत आली. तोवर दुकानात मीटरची लोखंडी पट्टी आली होती आणि मी खिळ्याला लटकत होतो. तिनं मला काढलं, धूळ पुसली आणि ती शिकवू लागली त्या शाळेत नेलं. आता मी फळ्याशी उभा असतो. तिच्या हातात मी रेघा आखतो. चाळीस वारांच्या ठाणाचा प्रश्न ती दरवर्षी घालते. "कागदावर सोळा," मुलींना बजावते, "दुकानात पंधरा. कुठं बसलात ते आधी बघा."

परीक्षेच्या दिवशी वर्ग तसाच शांत होतो. पेन्सिली सरकतात, आणि म्हातारपणीही माझी छाती भरून येते. न दिसणाऱ्या गजानं माणूस कसा मोजतात, हे मला अजून उमगलेलं नाही. बाबांनो, मोजायचं तर जरूर मोजा, माझा तोच धर्म आहे. कात्री लावण्याआधी मात्र एकदा बोटं आडवी ठेवून बघा.