सुतकातला मंगळवार

पद्मावतीबाईंना आयव्हीएफ समजायला वेळ लागला, पण एकदा समजलं ते असं की बंगळूरच्या जे. पी. नगरमधल्या त्यांच्या भजनी मंडळात त्या विषयावर शेवटचा शब्द त्यांचाच. कुणी 'नळीतलं बाळ' म्हणालं की त्या टाळ खाली ठेवत. "नळीत नाही हो. बाईचं बीज नि पुरुषाचं बीज बाहेर काचेच्या ताटलीत एकत्र आणतात. गर्भ पाच-सहा दिवसांचा झाला की आईच्या पोटात ठेवतात. पुढे तो वाढतो आईच्याच पोटात, तुमच्या-आमच्यासारखा." सुनेबरोबर डॉक्टरीणबाईंकडे जाऊन त्या हे स्वतः विचारून आल्या होत्या, आणि नीट कळेपर्यंत खुर्चीवरून उठल्या नव्हत्या.

सून म्हणजे भार्गवी, इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी करणारी. तिचे तीन गर्भ तयार झाले होते आणि ते गोठवून ठेवले होते. दोन वेळा एकेक ठेवून पाहिला, दोन्ही वेळा रुजला नाही. आता उरला होता तो शेवटचा, आणि तो ठेवायचा दिवस ठरला होता येता मंगळवार. "अत्ते, ह्याच्यानंतर मला सुया नकोत," भार्गवीने सासूला सांगून टाकलं होतं. ती हे रडत म्हणाली असती तर पद्मावतीबाईंनी समजूत घातली असती. ती भाजी निवडत म्हणाली, म्हणून त्यांना ते खरं वाटलं.

आणि शनिवारी सकाळी कोलारहून फोन आला. शेषगिरी गेले. पद्मावतीबाईंच्या यजमानांचे, म्हणजे रघुपतींचे, चुलतभाऊ. नव्वदी गाठलेले, झोपेतच गेले, कुणाला त्रास नाही. रघुपतींनी फोन ठेवला, आंघोळ केली आणि देवघराचं दार ओढून घेतलं. हे मराठी घराणं चारशे वर्षं कन्नड मुलखात राहिलं, निम्मं बोलणं कन्नड झालं, पण सोयर-सुतक काही ढिलं झालं नाही. दहा दिवस शुभकार्य बंद.

"मंगळवारचं पुढे ढकला," रघुपती म्हणाले.

"सरी, अण्णा, ढकलतो," म्हणून मुलगा रविकिरण मोकळा झाला. मारतहळ्ळीच्या ऑफिसात हा पन्नास माणसांना कामाला लावतो, पण वडिलांसमोर त्याच्या तोंडून दुसरा शब्द फुटत नाही. भार्गवी पर्स उचलून ऑफिसला निघून गेली, तेही शनिवारी.

पद्मावतीबाईंचं डोकं सणकलं. पण नवऱ्याशी भांडायचं तर मुद्द्यानं, हे त्या चाळीस वर्षांच्या संसारात शिकल्या होत्या. रघुपतींची सगळी नोकरी कोर्टात गेली होती. आरडाओरडा त्यांना ऐकूच यायचा नाही, मुद्दा मात्र ते टाळू शकत नसत. दुपारभर त्यांनी मुद्दा घोळवला आणि संध्याकाळी कॉफीचा पेला पुढे ठेवून समोर बसल्या.

"पुढे ढकलायला ते काय बारसं आहे? औषधं देऊन तिच्या पोटात अस्तर तयार केलंय. दूध कोमट आहे तोवरच विरजण लागतं. मंगळवार गेला की औषधं पुन्हा पहिल्यापासून, आणि पोरगी पुन्हा घेणार नाही."

"सुतकात शुभकार्य करायचं?"

"आपला रवी तुमच्या काकांच्या सुतकातच झाला. तेव्हा मला थांब म्हणालात?"

"जन्म आपल्या हातात नसतो, पद्मा. हे आपण दिवस ठरवून करतोय."

ह्याच वाक्याची त्या वाट पाहत होत्या. "बरं. मग मला एवढंच सांगा, तो जो गर्भ तिथे गोठवून ठेवलाय, तो आपल्या घरचा आहे की नाही? असेल, तर हे काम वर्षापूर्वीच सुरू झालंय, आणि सुरू झालेल्या कार्याला मधेच सुतक लागत नाही. संकल्प सोडल्यावर सुतक आलं तरी कार्य पुरं करायचं, हे तुम्हीच आजवर दहा घरी सांगितलंत. आणि आपल्या घरचा नसेल, तर हे नुसतं औषधपाणी. तुमची बीपीची गोळी सुतकात बंद झाली का? स्वल्प विचार करा. कसंही धरा, मंगळवारी जायलाच हवं."

रघुपतींनी कॉफी अर्धी तशीच ठेवली. मुद्दा संपला होता, हे दोघांनाही कळलं होतं.

"सुतकाचं सोड," ते शेवटी म्हणाले. "मागच्या खेपेला रुजलं नाही हे ऐकून ती दवाखान्यातून आली, सरळ स्वयंपाकघरात गेली आणि सगळ्यांना जेवायला वाढलं. मला घास गिळवेना. ते मला पुन्हा बघायचं नाही. फोन आला तेव्हा, खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. चार दिवस तरी टळलं म्हणून."

पद्मावतीबाईंना एकदम भरून आलं. हा माणूस दोन्ही वेळा दवाखान्यात आला नव्हता, आणि त्या वर्षभर मनात त्याला दगड म्हणत आल्या होत्या.

"भीती मलाही आहे," त्या म्हणाल्या. "पण त्याला सुतकाचं नाव देऊ नका. शेषगिरीअण्णांनाही ते आवडायचं नाही."

दारात चपला काढण्याचा आवाज झाला. भार्गवी आली होती, आणि तिनं ऐकलंही होतं. "मामंजी, मी मंगळवारी जाणार," ती शांतपणे म्हणाली. "नाही रुजलं तर त्या दिवशी तुम्ही मला वाढा."

रघुपतींनी मान हलवली. "किती वाजता निघायचं?" त्यांनी विचारलं.

मंगळवारी चौघंही गेले. भार्गवी आणि रविकिरण आत, म्हातारा-म्हातारी बाहेर बाकावर. थोड्या वेळानं नर्स दार उघडून आली. सगळं नीट झालं, पेशंट पडून आहे, असं तिनं सांगितलं. मग या पांढऱ्या केसांच्या माणसाकडे बघून तिनं कन्नडमध्ये विचारलं, "आपण पेशंटचे कोण?"

रघुपती उठून उभे राहिले. "पेशंटचा सासरा," ते म्हणाले, आणि स्वल्प थांबून पुढे म्हणाले, "आत्ता जे आत ठेवलंत ना, त्याचा आजोबा."